रानटी टोळ्या केव्हा उठतात?

ज्यांच्या घरात कॉलेजात जाणारी मुले आहेत, त्यांना ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकावरच्या खेळाची ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. बुद्धिबळासारखा पाळीपाळीने खेळायचा हा खेळ. हाती एक राष्ट्र मिळते. गाव वसवायचे, शेती पिकवायची, मग चाक, लेखनकला, लोखंड असे एकेक शोध लावीत थेट अंतराळयुगापर्यंत मजल मारायची. सिड मायर यांचा हा खेळ १९९१ साली बाजारात आला आणि २०२५ साली त्याची सातवी आवृत्ती निघाली. शनिवारी रात्री जेवून खेळायला बसलेला माणूस रविवारी पहाटे उठतो, अशी त्याची ख्याती आहे.

या खेळात शेजारच्या राष्ट्रांखेरीज आणखी एक मंडळी असतात. त्या म्हणजे रानटी टोळ्या. त्यांना राजा नाही, राजधानी नाही, त्यांच्याशी तह करण्याची सोय नाही. सगळे सुरळीत चालले असताना त्या एकाएकी उठतात आणि सीमेवरचे गाव लुटतात. खेळणारा वैतागतो आणि विचारतो, अरे, यांना झाले काय? यांना उठवते कोण?

याचे उत्तर खेळाच्या नियमांत आहे. २००१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नियम असा, की खेळातले दुसरे राष्ट्र नव्या युगात पाऊल टाकते, त्या वेळी टोळ्यांचा मोठा उठाव होतो. २०१० सालच्या पाचव्या आवृत्तीत टोळ्यांचा तळ फक्त अशाच घरात उगवतो, जिथे कोणत्याही राष्ट्राची नजर पोचलेली नाही. टेकडीवर एक शिपाई उभा करून ठेवला, की त्याच्या नजरेच्या टापूत तळ पडत नाही. जुने खेळाडू हे जाणतात आणि तसे शिपाई पेरून ठेवतात.

नियम लिहिणारे काही इतिहासकार नव्हते. खेळात रंगत यावी एवढाच त्यांचा हेतू. तरी माझे मत असे, की हे दोन्ही नियम इतिहासाला धरून आहेत. राष्ट्र नव्या युगात शिरते तेव्हाच ठिणगी पडते, आणि ती पडते जिथे कोणी पाहत नसते तिथे. खोटी आहे ती त्यांच्यामागची तिसरी गोष्ट. खेळातल्या रानट्यांना काही दुखत नसते. त्यांनी आधी कोणाकडे अर्ज केलेला नसतो.

आपण राहतो त्या उरायासुचाच दाखला घ्या. आज उरायासु म्हटले की परदेशी पाहुण्याला डिस्नीलँड आठवते आणि आपल्याला तोझाई मार्गावरची गर्दी. पण १९५० च्या दशकात हे एदो नदीच्या मुखावरचे कोळ्यांचे गाव होते. उथळ खाडीतले आसारी आणि हामागुरी हे शिंपले आणि हिवाळ्यात काढायचे नोरीचे शेवाळ यांवर घरेच्या घरे चालत. नदीच्या वरच्या अंगाला, तोक्योच्या हद्दीत, होनशू पेपर कंपनीचा कागदाचा कारखाना होता. १९५८ च्या वसंतात तिथे लगदा करण्याची नवी यंत्रे सुरू झाली आणि नदीतून काळे पाणी वाहत येऊ लागले. मासे मेले, शिंपले मेले. युद्धात होरपळलेला जपान नव्या युगात पाऊल टाकीत होता. देशाला कागद हवा होता, आणि नदीच्या मुखाशी कोण राहते हे पाहण्याची फुरसत कोणाला नव्हती.

गावकऱ्यांनी पहिल्याच दिवशी हातात दगड घेतले असे मात्र घडले नाही. तक्रारी झाल्या, बोलणी झाली. १० जून १९५८ या दिवशीही शेकडो कोळी आधी गेले ते तोक्योत, संसदेकडे आणि महानगराच्या कचेरीत, गाऱ्हाणे घेऊन. तिथून परतताना ते कारखान्यावर गेले. फाटक बंद होते. मग दगड उडाले, पोलिसांशी झटापट झाली, शंभरावर माणसे जखमी झाली आणि आठ जणांना अटक झाली. दगड मारणे योग्य होते असे मी म्हणणार नाही. जखमींत पोलीसही होते आणि तेही कोणाच्या तरी घरचे कर्ते होते. पण ही दंगल ‘एकाएकी’ झाली असे जो म्हणेल, त्याने त्या दिवसाची सकाळ पाहिलीच नाही.

पुढे जे झाले ते ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात जपानच्या संसदेने दोन कायदे केले, एक नद्या-समुद्राच्या पाण्याची प्रत राखण्याचा आणि दुसरा कारखान्यांच्या सांडपाण्यावर बंधन घालण्याचा. अर्जांनी जे झाले नव्हते, ते झटापटीनंतर सहा महिन्यांत झाले. सरकारने प्रजेला हा धडा देऊ नये, पण दिला खरा.

कायदे तरी कसे? सरकारने एखादे पाणी ठरवून जाहीर केले तरच तिथे ते लागू व्हायचे, आणि उद्योगाला फार झळ लागू नये याची काळजी त्यांत घेतलेली. दक्षिणेकडे मिनामाता येथे पाऱ्याच्या विषाने माणसे मरत होती, तिथे हे कायदे वापरले गेले नाहीत. २ नोव्हेंबर १९५९ रोजी तिथल्या कोळ्यांनीही कारखान्यावर चाल केली. अर्ज, बंद फाटक, दगड असा सगळा क्रम तोच. त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांवर गुन्हा शाबीत व्हायला १९७९ उजाडले. आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारला दोषी धरले ते याच मुद्द्यावर, की हातात १९५८ चे कायदे असून तुम्ही ते वेळेवर वापरले नाहीत. उरायासुकरांनी मार खाऊन मिळवलेला कायदा पेटीत पडून राहिला, त्याची किंमत मिनामाताने दिली.

आपल्याकडेही हेच घडलेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. पाहता पाहता पुणे-नगरच्या गावागावांत ते लोण पसरले. इंग्रज अधिकारी चक्रावले. शांत, सोशीक कुणबी असा का बिथरला? कारणे उघड्यावर पडलेली होती. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६० नंतर कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपताच तो कोसळला. त्यातच नव्या पाहणीने शेतसारा वाढवला आणि सावकाराने हात आखडला. दख्खनही तेव्हा नव्या युगात शिरत होते. आगगाडी आली होती, दिवाणी कोर्टे आली होती, आणि ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा स्टँपाच्या कागदावर उमटत होता. दंगेखोरांनी बहुतेक ठिकाणी माणसांना हात लावला नाही. त्यांना हवे होते ते कर्जरोखे, आणि ते हाती पडताच त्यांनी जाळले. नेमके काय जाळायचे हे ज्याला ठाऊक असते त्याला रानटी म्हणणे कठीण आहे. इथेही आधी आयोग आणि मग १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा, असाच क्रम झाला.

त्याच इंग्रजांनी १८७१ साली दुसरा एक कायदा केला होता. त्याने पुढे पारध्यांसारख्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ पर्यंत टिकला. उठावाचे कारण शोधायचे नसले, की उठणाऱ्याच्या रक्तातच खोट आहे असे ठरवणे सोयीचे पडते. खेळाने हीच सोय घेतली होती. तो करणाऱ्यांनाही पुढे ती खटकली असावी. २०२१ साली सहाव्या आवृत्तीत असा एक पर्याय आला, की टोळीशी व्यवहार करता येतो आणि तिचा तळ वाढून त्याचे स्वतंत्र नगर होऊ शकते. सातव्या आवृत्तीत तर ‘रानटी’ ही जातच गेली. तिच्या जागी ‘स्वतंत्र सत्ता’ आल्या, ज्यांच्याशी मैत्रीही जमवता येते. काही जुन्या खेळाडूंना हे मिळमिळीत वाटेल. मला ते अधिक खरे वाटते, आणि खेळ म्हणून अधिक अवघडही. शिपाई पेरण्यापेक्षा बोलणी करणे केव्हाही कठीणच.

आज पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ वाढवण येथे मोठे बंदर व्हायचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने त्या बंदराला नकार दिला होता. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने होकार दिला. तिथले मच्छीमार गेली कित्येक वर्षे अर्ज, मोर्चे आणि कोर्ट अशा सनदशीर मार्गानेच विरोध करीत आले आहेत. बंदर हवे की नको यावर वाचकांची मते वेगवेगळी असतील, माझेही पुरते ठरलेले नाही. पण त्या माणसांना प्रगतीचे वैरी म्हणणारी भाषा कानावर येते, तेव्हा मला ते होनशूचे बंद फाटक दिसते.

उरायासुच्या कोळ्यांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. कायदा झाला, पण खाडी पूर्वीसारखी झाली नाही. १९६२ साली त्यांनी मासेमारीचे काही हक्क सोडले आणि १९७१ साली उरलेले सगळे. मोबदला मिळाला, समुद्र गेला. भराव टाकता टाकता गाव साडेचार चौरस किलोमीटरांवरून जवळजवळ सतरांवर पोचले आणि १९८१ साली शहर झाले. १९८३ साली त्याच भरावावर डिस्नीलँड उघडले. मार्च २०११ च्या भूकंपात हीच भरावाची जमीन चिखलासारखी पातळ झाली, घरे कलली, रस्त्यांतून वाळू वर आली. आपल्यापैकी काहींनी ते दिवस पाहिले आहेत.

शहराच्या लोकसंग्रहालयात १९५२ च्या सुमाराची कोळ्यांची वस्ती उभी केलेली आहे. ज्या लहान ‘बेका’ होड्यांतून ते नोरी काढायला जात त्याही तिथे आहेत. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मुले खेळापुढून उठतील तेव्हा त्यांना एखाद्या रविवारी तिकडे घेऊन जायला हरकत नाही. सोमवारी मात्र बंद असते.