बाधा बाहेरची की घरातली?

भुताच्या गोष्टी ऐकल्या नाहीत अशी बाई आपल्याकडे सापडायची नाही. दिवे गेलेले, अंगणात अंथरुणं पडलेली, आणि आजी किंवा आत्या आवाज खाली आणून सांगायला लागायची. त्या गोष्टींतली भुतं जरा आठवून बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा. समंधाचा जीव पुरलेल्या धनात अडकलेला. ब्रह्मराक्षस हा तर मोठा विद्वान. आणि हडळ कोण? बाळंतपणात गेलेली बाई!

म्हणजे पुरुष भूत होऊन राहिला तो पैशापायी, विद्येपायी, नाहीतर राहून गेलेल्या हौसेपायी. बाई भूत झाली ती मूल जन्माला घालता घालता. सुईण वेळेवर आली नाही, रक्त थांबलं नाही, ताप अंगात मुरला, आणि विशीतली पोर गेली. तिच्यासाठी हळहळायचं, पुढच्या बाळंतिणीची काळजी घ्यायची, ते राहिलं बाजूला. सगळं गाव तिलाच घाबरायला लागलं. तिन्हीसांजेला तिच्या नावानं पोरांना घरात बोलवायला लागलं.

हे सगळं आत्ताच डोक्यात यायचं कारण म्हणजे आमच्या महिला मंडळात पाहिलेले दोन सिनेमे. महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा आणि नंतर चहा घेत त्यावर बोलायचं, असा आमचा शिरस्ता आहे. एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं सुचवलं, "काकू, दर वेळी रडायचेच सिनेमे काय बघता? एकदा घाबरायचा बघा की!" आणि तिनंच 'थ्री' (2002) आणि 'थ्री... एक्स्ट्रीम्स' (2004) असे दोन सिनेमे आणून दिले. लागोपाठ दोन महिने आम्ही ते पाहिले.

यातली कल्पना छान आहे. हाँगकाँगचे दिग्दर्शक पीटर चॅन यांच्या कंपनीनं आशियातल्या वेगवेगळ्या देशांतल्या दिग्दर्शकांना एकत्र आणलं. प्रत्येकानं आपापल्या भाषेत, आपापल्या मातीतली एकेक छोटी भयकथा करायची. पहिल्या सिनेमात कोरिया, थायलंड आणि हाँगकाँग, दुसऱ्यात हाँगकाँग, कोरिया आणि जपान. एका तिकिटात तीन गोष्टी. दिवाळी अंक उघडून एकामागून एक कथा वाचाव्यात तसं.

आता खरं सांगायचं तर आम्ही सगळ्या तयारीनिशी बसलो होतो. दार करकरेल, मांजर ओरडेल, पांढऱ्या साडीतली बाई कंदील घेऊन येईल आणि गाणं म्हणेल! तसं काही झालं नाही. तिथं होतं स्वयंपाकघर, झोपायची खोली, न्हाणीघर. आपली रोजची जागा. आणि म्हणूनच जास्त भीती वाटली.

'डम्पलिंग्ज' या कथेचंच बघा. फ्रूट चॅन यांनी दिग्दर्शित केलेली आणि लिलियन ली या लेखिकेनं लिहिलेली ही गोष्ट आहे. डम्पलिंग म्हणजे आपल्या उकडीच्या मोदकासारखं सारण भरून वाफवलेलं खाणं. मिसेस ली नावाची एकेकाळची नटी. वय उतरायला लागलंय, श्रीमंत नवऱ्याचं लक्ष तरुण मुलींकडे. तिला पत्ता लागतो आंटी मे नावाच्या बाईचा. तिच्या हातची डम्पलिंग्ज खाल्ली की बाई तरुण होते म्हणे. मे स्वतः वयापेक्षा कितीतरी लहान दिसते. एका साध्या चाळवजा इमारतीत ओटा, सुरी, लाकडी पाट, पीठ मळणारे हात... आणि सारण कशाचं? तर गर्भपात केलेल्या अर्भकांचं.

हे कळलं तेव्हा आमच्यातल्या दोघी उठून बाहेर गेल्या. बाकीच्या बसल्या, पण हातातल्या बशा खाली ठेवून. भूत एकसुद्धा नाही, तरी अंगावर काटा. नंतर भाजी-पोळीचं केंद्र चालवणारी आमची एक मैत्रीण म्हणाली, "त्या बाईचा राग यायला हवा, पण मला तिची कीवच जास्त आली. तिला तरुण व्हायचं नव्हतं हो. तिला नवऱ्यानं आपल्याकडे बघायला हवं होतं." त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या ताई पटकन म्हणाल्या, "कीव कसली? पोराबाळांचा जीव घेऊन टिकवायचा का नवरा?" आणि मग बराच वेळ जोरदार वाद झाला.

या वादात दोघींचंही बरोबर होतं असं मला वाटतं. मे ही चीनमधून आलेली, पूर्वी डॉक्टर असलेली बाई आहे आणि आपण किती गर्भपात केले ते ती सहज सांगून जाते. चीननं 1980 च्या सुमाराला 'एकच मूल' असं धोरण आणलं आणि 2015 च्या अखेरीला ते मागे घेण्याचं ठरवलं. त्या पस्तीसेक वर्षांत एकच मूल म्हटल्यावर ते मुलगाच हवं, म्हणून कितीतरी मुली जन्मालाच आल्या नाहीत. आपल्याला नावं ठेवायला जागा आहे का? आपल्याकडे कुठलं सक्तीचं धोरण नव्हतं. उलट गर्भलिंगनिदानाविरुद्ध 1994 सालापासून कायदा आहे. तरीही 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. 2001 मध्ये त्या 913 होत्या. तो सिनेमा बघताना तोंड फिरवणं सोपं आहे. या आकड्यांवरून तोंड फिरवता येत नाही.

दुसरी मनात राहिलेली गोष्ट कोरियाच्या किम जी-वून यांची 'मेमरीज'. नव्यानं वसवलेली मोठी वसाहत, रिकाम्या रिकाम्या इमारती. नवऱ्याची बायको नाहीशी झाली आहे आणि त्याला काही आठवत नाही. तिकडे बायको एका रस्त्यावर शुद्धीवर येते. तिलाही काही आठवत नाही, फक्त घरी जायचं आहे. आपल्याला वाटत राहतं की ती बाई भूत होऊन नवऱ्याला छळायला येणार. शेवटी कळतं की तिला मारलं ते नवऱ्यानंच. म्हणजे सगळा वेळ आपण ज्या बाईला घाबरत होतो, ती बिचारी घरी पोचायचा रस्ता शोधत होती.

सगळेच नवरे वाईट दाखवलेत असंही नाही. पीटर चॅन यांच्या 'गोइंग होम'मध्ये एक माणूस मेलेल्या बायकोला रोज औषधी वनस्पतींच्या पाण्यानं आंघोळ घालतो, तिच्याशी बोलतो, ती उठणार यावर त्याचा विश्वास आहे. शेजारीपाजारी त्याला वेडा नाहीतर खुनी समजतात. त्या नवऱ्याची सेवा बघताना आमच्यातल्या दोघीतिघींनी पदरानं डोळे पुसले. एवढं हळुवार कुणी जिवंतपणी केलं तर काय हवं, असं एकजण हळूच म्हणाली. कुणी हसलं नाही.

पार्क चॅन-वूक यांची 'कट' मात्र मला झेपली नाही. पियानो वाजवणाऱ्या बायकोला बांधून ठेवून तिची बोटं तोडायची आणि त्यातून नवऱ्याची परीक्षा बघायची, हा प्रकार हुशारीनं केलेला असला तरी नको वाटला. गरीब माणसानं निदान चांगुलपणात तरी श्रीमंताच्या पुढं असावं, आणि तेही श्रीमंतानं हिरावून घेतलं, हे त्या गुन्हेगाराचं दुखणं विचार करायला लावतं, हे खरं. पण शिक्षा भोगते कोण? पुन्हा बायकोच! ताकाशी मिइके यांची 'बॉक्स' त्या मानानं शांत. लहानपणी जुळ्या बहिणीबद्दल वाटलेला मत्सर आणि त्यातून घडलेला अपघात एका लेखिकेच्या स्वप्नात येत राहतो. बर्फ, पेटी आणि अबोलपणा, बस्स. लहान मुलांना यातलं काहीही दाखवू नका, हे आत्ताच सांगून ठेवते. मोठ्यांनीही मन घट्ट असेल तरच बघावं.

पण या निमित्तानं एक गोष्ट शोधत गेले. आशियातल्या गाजलेल्या भुतांमध्ये बायकाच पुष्कळ, आणि जवळजवळ प्रत्येकीवर जिवंतपणी अन्याय नाहीतर दुःख कोसळलेलं. जपानच्या काबुकी रंगभूमीवर 1825 साली आलेली ओइवा नवऱ्याच्या विश्वासघातानं मेलेली. थायलंडची मे नाक नवरा लढाईवर असताना बाळंतपणात गेलेली, आपल्या हडळीची सख्खी बहीणच म्हणा ना! तिच्यावर नोन्झी निमिबुत्र यांनी 1999 मध्ये 'नांग नाक' हा सिनेमा केला. बँकॉकमध्ये तिचं छोटं देऊळ आहे. लोक तिथं तिला कपडे वाहतात, तिच्या बाळासाठी खेळणी ठेवतात. घाबरून का होईना, त्या लोकांनी तिच्या आईपणाची आठवण ठेवली. आपण हडळीला काय दिलं?

मासाकी कोबायाशी यांचा 'क्वाइदान' हा चार कथांचा जपानी सिनेमा 1964 चा. त्यातल्या पहिल्या कथेत एक सामुराई गरिबीला कंटाळून विणकाम करणाऱ्या बायकोला टाकतो, श्रीमंताची मुलगी करतो आणि वर्षांनी पश्चात्ताप होऊन परत येतो. बायको तशीच मागावर बसलेली. त्याला क्षमा करते. सकाळी उठून बघतो तो शेजारी हाडं आणि काळे केस. या सिनेमातल्या कथा जपानमध्ये स्थायिक झालेल्या लाफ्काडिओ हर्न या लेखकाच्या. पण हर्नला अशा कितीतरी गोष्टी सांगितल्या त्याच्या बायकोनं, सेत्सूनं. रात्री दिवा बारीक करून ती सांगायची आणि तो ऐकायचा. पुस्तकांवर नाव त्याचं लागलं. गोष्टी मात्र बायकांनी बायकांकडून ऐकलेल्या, जिवंतपणी तोंडावर बोलता न आलेल्या.

मैत्रिणींनो, इथं मला आपल्याकडची एक म्हण नव्हे, पण रोजचा शब्द आठवतो. घरातली सून गप्प गप्प राहायला लागली, रात्री ओरडायला लागली, जेवेनाशी झाली, की आपण म्हणतो "हिला बाहेरचं झालंय." बाहेरची बाधा! या सगळ्या सिनेमांत मी शोधलं, बाहेरची बाधा मला कुठं दिसली नाही. नवरा घरातला, मत्सर घरातला, वय झाल्याची भीती घरातल्या आरशातली.

समुपदेशनाचं काम करताना हे वारंवार दिसतं. मागं एका मुलीला आमच्याकडे तिची आई घेऊन आली. मुलगा झाल्याला पाच महिने झालेले. ती बाळाला जवळ घ्यायची नाही, भिंतीकडे बघत बसायची, मध्येच किंचाळायची. सासरच्यांनी तीन अमावास्या देवऋषीकडे नेलं. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, छडीनं मारलं. हातावरचे वळ मी स्वतः पाहिले. आम्ही तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य, असं त्यांनी सांगितलं. हा आजार आहे आणि तो औषधानं, आधारानं बरा होतो. काही महिन्यांत ती सावरली. जुन्या काळी हीच मुलगी दगावली असती तर गावात आणखी एक हडळ झाली असती!

आणि दुसरी बाजू बघा. एरवी जिचं कुणी ऐकत नाही, तिच्या अंगात आलं की सासरा पाया पडतो, नवरा हात जोडतो. तेवढ्या अर्ध्या तासात ती जे मागेल ते मिळतं. अंगात आलेलं खरं की खोटं या वादात मी आत्ता पडत नाही. बाईला आपलं म्हणणं सांगायला आधी देवी नाहीतर भूत व्हावं लागतं, याची लाज आपल्याला वाटायला हवी एवढंच म्हणते.

महाराष्ट्रात 2013 सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला आणि त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घरातच मारहाण, छळ होत असेल तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. हे माहीत असलेल्या बाईनं शेजारणीला सांगितलं पाहिजे.

भयपट जरूर बघा, घाबरा, हसा, वाद घाला. त्यातल्या बाईला कशानं मारलं तेही एकदा एकमेकींना विचारा. आणि उद्या गल्लीत कुणाच्या सुनेला बाहेरचं झालं असं कानावर आलं, तर लिंबू-मिरची शोधण्याआधी तिच्याजवळ दहा मिनिटं बसा. झोप लागते का, पोटात काही जातं का, घरात कोण काय बोलतं, हे विचारा. ती लगेच सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी परत जा.