घोडे नंतर मोजा, आधी स्पेअर्सची खिडकी गाठा

अप्रेझलची पत्रं वाटून झाली की पुढच्या दोन महिन्यांत ऑफिसच्या पार्किंगमध्ये नवे चेहरे दिसायला लागतात. माणसांचे नव्हे, गाड्यांचे. कालपर्यंत दीडशे सीसीवर खूश असलेला टेस्टिंगमधला पोरगा अचानक काहीतरी हिरवंगार, टोकदार स्टँडवर लावतो, हेल्मेट काखेत मारतो आणि लिफ्टमध्ये आपल्या डब्याच्या पिशवीकडे दयेनं बघतो. मग कॅन्टीनमध्ये ठरलेली प्रश्नोत्तरं. किती बीएचपी? शून्य ते शंभर किती सेकंदांत? आवाज ऐकव ना यार! एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. लग्नाच्या मांडवात वकिलाचा नंबर मागितल्यासारखं वाटतं ना ते. ही बया बंद पडली तर काय?

परवा एका ज्युनिअरनं तो विचारला. म्हणजे विचारला असं मीच धरून चालतोय. त्याचं वाक्य होतं, ‘‘दादा, २०१७ची आहे, चार सिलिंडर, नऊशे सीसी, फक्त अकरा हजार किलोमीटर. जपानी आहे म्हटल्यावर डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना?’’ प्लॅन असा : जुनी दीडशेची विकायची, थोडी सेव्हिंग्ज, बाकी पर्सनल लोन, चार वर्षं हप्ते. आणि रोज कोथरूड ते हिंजवडी त्याच गाडीवर. पर्याय म्हणून एक नवी कोरी चारशे सीसीसुद्धा त्याच्या यादीत होती, पण ती त्यानं आवाज खाली आणून सांगितली.

तर आजचा कॉलम या ‘डोळे झाकून’साठी.

जपानी गाड्या टिकाऊ ही काही नुसती कट्ट्यावरची अफवा नाही. अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकानं २०१५ मध्ये हजारो मालकांना विचारून एक हिशोब मांडला होता : चौथ्या वर्षापर्यंत गाडीत मोठी दुरुस्ती किंवा गंभीर बिघाड होण्याचं प्रमाण. यामाहा ११ टक्के, सुझुकी आणि होंडा १२, कावासाकी १५. मग एकदम उडी. हार्ली २६, ट्रायम्फ २९, डुकाटी ३३ आणि बीएमडब्ल्यू ४०. आकडे जुने आहेत, अमेरिकेतले आहेत, तिथले रस्ते आणि आपला वाकड फ्लायओव्हर यांचा काही संबंध नाही, हे सगळं मान्य. पण त्याच पाहणीतल्या दोन गोष्टी कॅन्टीनमध्ये कुणी सांगत नाही. एक, ‘पुन्हा हीच गाडी घ्याल का?’ या प्रश्नाला हार्लीवाल्यांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले आणि बीएमडब्ल्यूवालेही फार मागे नव्हते. प्रेम आंधळं असतं, दुसरं काय! दुसरी गोष्ट जास्त कामाची. मालकांच्या तक्रारींत वरच्या नंबरावर इंजिन नव्हतंच. तिथे होती वायरिंग आणि बाकीची इलेक्ट्रिकल भानगड, दिवे-मीटर-स्विच, ब्रेक आणि पेट्रोल सिस्टिम.

हे नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडे भीती नेमकी उलट्या टोकाला असते. ‘एवढी पॉवर काढतात म्हणजे इंजिन लवकर बसणार’, हे वाक्य मी प्रत्येक गॅरेजच्या बाकड्यावर ऐकलंय. जवळपास एकाच मापाच्या तीन गाड्या घेऊ. रॉयल एन्फिल्डची ६४८ सीसीची ट्विन देते सुमारे ४७ घोडे. कावासाकीची निन्जा ६५०, म्हणजे ६४९ सीसी, देते ६७-६८. आणि यामाहाची आर-सिक्स ५९९ सीसीतून ११८ च्या आसपास. सीसी सगळ्यात कमी आणि पॉवर एन्फिल्डच्या अडीचपट. म्हणजे आर-सिक्सचं इंजिन सगळ्यात आधी उघडायचं? तर नाही. तिच्या मॅन्युअलमध्ये टॅपेट तपासायचा आकडा चाळीस हजार किलोमीटरच्या पुढचा आहे. आपल्यातल्या कितीजणांच्या गाडीचा मीटर तिथवर पोचतो? फरक असा, की एन्फिल्डचे टॅपेट पाना आणि फीलर गेज घेऊन ओळखीचा मेकॅनिकही बसवून देतो. आर-सिक्ससारख्या गाडीत टाकी काढा, एअरबॉक्स काढा, कॅम उचला, खालच्या मोजून-मापून बदलायच्या चकत्या मागवा. काम क्वचित येतं, पण आलं की दोन-तीन दिवसांचं येतं आणि ते करणारा हात शहरात एखाद-दुसराच असतो.

डुकाटीची गंमत आणखी वेगळी. तिथे व्हॉल्व्ह उघडायला कॅम असतो तसा बंद करायलाही कॅमच, स्प्रिंगवर भरवसाच नाही. जुन्या काही मॉडेल्सना हे सगळं दर बारा हजार किलोमीटरला उघडून बघावं लागायचं आणि त्या बिलावरूनच डुकाटीची बदनामी झाली. २०२० मध्ये त्यांनी मल्टिस्ट्राडा व्ही-फोरमध्ये मुकाट्यानं साधी स्प्रिंग आणली आणि तपासणी थेट साठ हजारांवर नेऊन ठेवली. एवढ्या अभिमानी कंपनीनं आपली खासियत बाजूला ठेवली, यातच काय ते आलं.

आणि जपानी म्हणजे देव, असंही नाही हं. २००४ ते २०१३ च्या सुझुकी जीएसएक्स-आर गाड्यांच्या पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरमध्ये दोष निघाला, तेव्हा एकट्या अमेरिकेत दोन लाखांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१५ ची नवी आर-वन यामाहानं गिअरबॉक्ससाठी त्याच वर्षाच्या शेवटी परत बोलावली. नव्या डिझाइनच्या पहिल्या वर्षाची गाडी घेताना मी दहादा विचार करतो, तो यामुळे. रिकॉलची सूचना जाते मालकाच्या पत्त्यावर. तीन हात फिरलेल्या गाडीचं पत्र कुठे पडलं असेल देव जाणे. म्हणून चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारायचं, रिकॉलचं काम झालंय का. फुकट असतं ते.

आता मुख्य मुद्दा, आणि तो आपल्या पुण्याच्या अगदी घरचा आहे. ह्योसंग ही कोरियन कंपनी. तिच्या अडीचशे सीसीच्या व्ही-ट्विन गाड्या २००३ च्या सुमारास कायनेटिकनं आणल्या. त्या वेळी अक्विला किंवा कॉमेट घेऊन कुणी एफसी रोडवर आला की ट्रॅफिक हवालदारसुद्धा वळून बघायचा. पुढे ते बारगळलं. २०११ मध्ये गरवारे मोटर्सनं साडेसहाशेच्या ह्योसंग आणल्या, वाईला जुळणी करून. वर्षभरात कारभार गेला डीएसके समूहाकडे. डीएसकेनं २०१५ मध्ये इटालियन नावाची बेनेलीही आणली, चार सिलिंडरच्या आवाजानं अर्धं शहर पागल झालं. २०१८ मध्ये डीएसके समूहच आर्थिक गाळात रुतला. बेनेली हैदराबादच्या महावीर समूहाकडे गेली, ह्योसंग पुन्हा कायनेटिकच्या घरातल्या मोटोरॉयलकडे. म्हणजे पंधरा वर्षांत ह्योसंगची पाटी चार दुकानांवर लागली. कारखाना कोरियातला तोच. पण ज्यानं मधल्या काळात गाडी घेतली आणि ज्याची क्लचप्लेट नेमकी दुकान बदलताना संपली, त्याला विचारा रिलायबिलिटी म्हणजे काय!

‘ते छोटे ब्रँड होते’, असं म्हणून सुटता येणार नाही. हार्ली-डेव्हिडसननं सप्टेंबर २०२० मध्ये भारतातली विक्री आणि कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. महिन्याभरात हिरोशी करार झाला आणि स्पेअर्स-सर्व्हिसचं बघणारं कुणीतरी मिळालं, हे मालकांचं नशीब. उलट उदाहरणही आहे. केटीएमची ऑस्ट्रियातली कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्जाखाली कोलमडली, प्रकरण कोर्टात गेलं, २०२५ मध्ये बजाजनं पैसे ओतून ती सावरली. या सगळ्या काळात ३९० ड्यूक चाकणला बनत होती आणि बनत राहिली. जिचे पार्ट तुमच्या घरापासून तीस-चाळीस किलोमीटरवर तयार होतात आणि जी हजारोंनी रस्त्यावर आहे, तिचं दुखणं मेकॅनिकला पाठ असतं. ट्रायम्फची चारशे २०२३ पासून तिथलीच. हा ब्रँडचा प्रचार नाही, भूगोल आहे.

म्हणून माझा एक नियम आहे. शोरूममध्ये गेलं की सेल्सच्या चकाचक काउंटरकडे जायचंच नाही. मागच्या बाजूला, ऑइलचा वास येतो तिथे, स्पेअर्सची एक छोटी खिडकी असते. तिथल्या माणसाला चार गोष्टींची किंमत आणि तारीख विचारायची : क्लच लिव्हर, क्लचप्लेटचा सेट, पुढचे ब्रेकपॅड आणि रेक्टिफायर. लिव्हर यासाठी, की गाडी उभ्या उभ्या पडली तरी पहिल्यांदा तीच तुटते. माझ्या एका मित्राची लाखांची गाडी एका लिव्हरपायी सात आठवडे कव्हर घालून उभी होती. कव्हर मात्र झकास होतं. चारही वस्तू ‘आहेत, घेऊन जा’ असं उत्तर आलं तर खुशाल पुढे जाऊन घोडे मोजा. ‘ऑर्डर टाकावी लागेल’ म्हणाला तर किती दिवस, ते लिहून घ्या. ‘कुठली गाडी म्हणालात?’ असं विचारलं तर नमस्कार करून निघा.

आता आपलं रोजचं वास्तव. दोनशे घोड्यांची गाडी मोकळ्या हवेत, वेगात थंड होण्यासाठी बनवलेली असते. (जिचा टॉप स्पीड तीनशेला टेकतो तिला आपल्या एक्स्प्रेस-वेवर प्रवेशच नाही, हा विनोद मी केलेला नाही, सरकारनं केलाय.) ती विद्यापीठ चौकात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते तेव्हा रेडिएटरचा पंखा सतत फिरतो, हेडलाइट चालू, आणि इंजिन आयडलवर असल्यानं चार्जिंग कमी. बॅटरी रिकामी होत जाते. रेक्टिफायरला वारा लागत नाही, तो भाजत बसतो. इंजिन ठणठणीत आणि गाडी मात्र स्टार्टर दाबल्यावर नुसती टिक-टिक, हे दृश्य त्यातून येतं. आणि गाडी वापरलीच नाही तर? ते आणखी वाईट. बॅटरी बसते, टायर कडक होतात, ब्रेक ऑइल पाणी ओढतं. पेट्रोलचंही तसंच. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबरी पाइप-सील या पेट्रोलला चालतील असे केलेले असतात. त्याआधीच्या गाडीबाबत ते तुम्हालाच तपासावं लागतं.

त्यामुळे ‘आठ-नऊ वर्षांत फक्त अकरा हजार’ हे ऐकून मी खूश होत नाही. दरवर्षी सर्व्हिस झालेली, चाळीस हजार फिरलेली आणि सगळी बिलं फाइलला लावलेली गाडी मी आधी बघायला जाईन.

ज्युनिअरला मी गाडी घेऊ नकोस म्हटलं नाही. त्या वयात माझंही कुणी ऐकवून घेतलं नसतं. एवढंच म्हटलं, दीडशेची विकायची नाही. ती विकून येणाऱ्या चाळीस-पन्नास हजारांत तू रोज नऊला ऑफिसला पोचण्याची हमी विकतोयस. मोठी एकटीच असेल तर एका रेक्टिफायरपायी तू तीन आठवडे पीएमपीच्या रांगेत, आणि हप्ता मात्र पाच तारखेला कापला जाणारच. दीडशे ठेवून, शिवाय गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम बाजूला ठेवूनही नऊशे परवडत असेल तर घे, मी पहिला येईन मागे बसायला. नसेल तर चारशे घे. साडेतीनशेच्या वरच्या नव्या गाड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून चाळीस टक्के जीएसटी आहे, त्याचा चटका बसेल, पण वॉरंटी असेल. त्याला दोन्हीतलं काहीच आवडलं नाही.

सेकंडहँड बघायला जाणाऱ्यांनी एवढं करा. विकणाऱ्याला आधी सांगा की गाडी गार ठेव, आणि पोचल्या पोचल्या इंजिनला हात लावून बघा. आधीच गरम करून ठेवली असेल तर स्टार्टिंगचं काहीतरी लपवायचंय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अकरा हजार फिरलेल्या गाडीला तिसरा टायर जोड असेल तर मीटरला विचारा कसं काय ते. हँडलची टोकं, फूटपेग, लिव्हरचे गोळे घासलेत का बघा. ब्रेक ऑइलचा रंग चहासारखा असेल तर बाकीच्या मेंटेनन्सचा अंदाज आलाच. आणि तपकीर गल्लीतून एक साधा मल्टिमीटर घेऊन जा, पिझ्झाच्या पैशांत येतो. गाडी बंद असताना बॅटरीवर साडेबाराच्या पुढे व्होल्ट हवेत. चालू करून रेस चार-पाच हजारांवर धरली की साडेतेरा ते साडेचौदा. त्याच्या बरंच खाली किंवा पंधराच्या वर गेलं तर चार्जिंगमध्ये घोळ आहे. तो आकडा विकणाऱ्याला दाखवा आणि मग किमतीचं बोला.