पीक राखायला बंदूक कोणती?



पऱ्हाटीला पात्या लागल्या, ज्वारी पोटरीत आली, की आपला मुक्काम घरातून माळ्यावर हलतो. हातात काय? टॉर्च, पत्र्याचा डबा आणि फटाक्यांची लड. रोह्यांचा कळप पहिल्या वर्षी फटाक्याला पळतो. दुसऱ्या वर्षी नुसती मान वर करून बघतो आणि पुन्हा खाऊ लागतो. मग प्रत्येक बैठकीत एक प्रश्न निघतोच : बंदूक घ्यावी काय? आणि घ्यायची तर कोणती?

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर शेतकऱ्याने द्यायचे नाही, कायद्याने ते आधीच देऊन ठेवले आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ वाचा. पीकरक्षणासाठी बंदूक कोणती? ठासणीची! नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे, टोपी बसवायची, एक बार काढायचा. ती पुरत नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच बाराबोर मिळू शकते. साहेबांची खात्री पटवायची कोणी? ज्याची ज्वारी आडवी झाली त्याने.

जर्मनीतही शिकारीचा कायदा आहे. तो काय म्हणतो? भेकराएवढ्या लहान हरणावर झाडायच्या गोळीत १०० मीटरवर किमान १००० ज्यूल जोर हवा. मोठ्या हरणासाठी आणि रानडुकरासाठी गोळीची जाडी किमान ६.५ मिलिमीटर आणि जोर किमान २००० ज्यूल हवा. कारण एकच. जनावर जागेवर पडले पाहिजे, जखमी होऊन तडफडत फिरता कामा नये. आणि शिकारीचा हक्क ज्यांच्याकडे, हरणा-डुकराने केलेले पिकाचे नुकसान त्यांनी भरायचे, हेही त्याच कायद्यात आहे. तिथे कमी जोराच्या बंदुकीने मारणे बेकायदा. इथे शेतकऱ्याच्या हाती पहिल्यांदा येते ती कमी जोराचीच!

आता आपल्या शिवारात या. नर रोही दोनशे किलोच्या वर भरतो. ठासणीची दारू पावसाळी हवेत दमट झाली की बार उडतच नाही. उडाला तर छर्रे कातड्यात रुततात आणि जनावर पळते. दुसरा बार ठासेपर्यंत कळप शिवाराबाहेर. जखमी डुक्कर तुरीत दडून बसते आणि सकाळी वेचणीला गेलेल्या बाईच्या अंगावर येते. प्राणिदयेची भाषणे ऐकायची, आणि जनावराला जास्तीत जास्त तडफडवणारे हत्यार शेतकऱ्याच्या हाती द्यायचे. ही कसली दया?

मग आम्ही सगळ्यांना रायफल मागतो आहोत काय? नाही. सरकारी आयुध कारखान्याची .३१५ रायफल रोह्याला पुरून उरते, पण आपले शिवार सपाट. चुकलेली गोळी किलोमीटरभर पलीकडे जाते आणि तिथे दुसरा भाऊ जागलीला बसलेला असतो. म्हणून आमचा हिशोब सरळ आहे. डुकराला बाराबोर आणि एलजीचे काडतूस, तेही तीस-पस्तीस पावलांच्या आत. रोह्याला रायफल, पण शिकवलेल्या हातात आणि माळ्यावरून खाली मातीकडे रोखलेली.

पण बंदूक मिळाली म्हणून काम झाले असे समजू नका. बंदुकीचा परवाना एका कचेरीत, जनावराचा दुसऱ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर रोही आणि डुकराला मारण्याची परवानगी वनखाते देऊ शकते. काळवीट मात्र पहिल्या परिशिष्टात. ते माणसाच्या जिवावर उठले, किंवा बरे न होण्याइतके जखमी वा आजारी असले, तरच परवानगी. उभे पीक गेले हे कारणच तिथे बसत नाही! परवानगीने मारलेले जनावरही कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता. म्हणजे मेल्यावर जनावर सरकारचे, खायला मात्र आमच्या दावणीला.

त्यात निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेण्याची रीत. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली. कापसाची वेचणी चालू, रब्बी ज्वारी कोवळी. डुकरांना आचारसंहिता कोणी वाचून दाखवली होती?

सगळे दरवाजे बंद झाले की माणूस कुंपणाच्या तारेत करंट सोडतो. त्या तारेला वाघ चिकटतो, शेजाऱ्याचा बैल चिकटतो, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच पोरगा चिकटतो. भावांनो, हे आपण थांबवलेच पाहिजे. पण ठासणीचा कायदा करणाऱ्यांनीही या मढ्यांचा हिशोब दिला पाहिजे.

शहरातले काही म्हणतील, शेतकऱ्याला बंदूक दिली की जंगल रिकामे होईल. चोरटा शिकारी परवाना मागायला येत नाही. परवाना मागतो तो नाव, गाव आणि सातबारा घेऊन उभा राहतो. आपल्यातही पुष्कळांचा हात रोह्यावर उठणार नाही, नावात गाय आहे म्हणून. त्यांच्यावर सक्ती नाही. त्यांच्या पिकाची भरपाई मात्र पुरी आणि वेळेवर मिळाली पाहिजे.

हे होऊ शकते. केरळ सरकारने २०२२ साली रानडुकराबाबतचा अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांच्या हाती दिला. तिथल्या गावाला जे कळते ते आपल्या गावाला कळत नाही काय?

म्हणून प्रत्येक गावाने ठराव करावा. पीकरक्षणाच्या परवान्यातून ठासणीची अट काढा. गावाने निवडलेल्या चार माणसांना बाराबोर आणि नेमबाजीचे शिक्षण द्या. रोही आणि डुकराच्या परवानगीचा निर्णय गावात, ठरलेल्या मुदतीत झाला पाहिजे. पीकरक्षणाची बंदूक निवडणुकीत सरसकट जमा करू नका. आणि काळवीट मारायचे नसेल तर सरकारने ते राखावे आणि सरकारनेच चारावे!

ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे, एक वनखात्याकडे द्या आणि दोन्हींची पोच घ्या. पोच घेऊनच पुढच्या जिल्हा बैठकीला या. आणि तोवर, मायबापहो, तारेत करंट सोडू नका.