बाजूने ढकललं तर?

स्क्रूसारखा फिरवत जमिनीत घालायचा लोखंडी खांब म्हणजे स्क्रू पाइल. अंध अभियंता अलेक्झांडर मिचेल यांनी १८३३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये मॅपलिन सँड्सच्या सरकत्या वाळूत याच खांबांवर दीपगृह उभं राहिलं. खड्डा खणायला नको, काँक्रीट घट्ट होण्याची वाट बघायला नको, म्हणून इमारतींच्या पायासाठीही तो सोयीचा.

पण घोळ इथेच होतो. खालची मळसूत्री पाती इमारतीचं वजन मस्त पेलतात आणि ते गणित आपण चोख करतो. वारा आणि भूकंप मात्र बाजूने ढकलतात. तिथे खोलवरची पाती फारशी कामी येत नाहीत. धक्का झेलतो तो बारीक दांडा आणि वरच्या काही फुटांतली माती. नेमकी हीच माती पाइल फिरवताना सैल होते. आपल्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यात दांड्याभोवती फट पडू शकते. मग आधार कसला?

उपाय आहेत. दांड्याचा व्यास आणि पत्र्याची जाडी दुप्पट केली, की त्याचा ताठपणा १६ पट होतो. काही पाइल तिरके घाला, सगळ्यांची डोकी कॅपने एकत्र बांधा. आणि साइटवर आडव्या लोडची टेस्ट घ्याच. आयएस २९११ मध्ये तिची पद्धत दिली आहे.

सॉफ्टवेअर विचारलं तेवढंच सांगतं. प्रोजेक्टमध्ये 'वजन किती?' एवढ्यावर थांबू नका. उद्या त्या पायावर कुणाचं तरी घर उभं असणार आहे.