चालतंय ना? मग राहू द्या!

कुठल्याही यंत्राविषयी आम्हा पुणेकरांचा निकाल ठरलेला: "चालतंय ना? मग राहू द्या!" माझं भांडण आहे ते या वाक्याशी.

आमची बँक लहान, सहकारी, सर्व्हर स्वतःचा. गेल्या पावसाळ्यात त्याची एकदम गोगलगाय झाली. काउंटरवर मी, म्हणून दोष माझा! "हाताने लिहायचे तेव्हा लवकर व्हायचं हो," सदाशिव पेठेतले एक आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. साहेब नेटवर्कवर घसरले, नेटवर्कवाला सॉफ्टवेअरवर.

शेवटी दुरुस्तीवाला मुलगा आला. त्याने सर्व्हरची नोंदवही उघडली. "बॅटरी मेलीय. चार महिने ओरडतोय बिचारा." ओरडतोय म्हणजे पिवळा दिवा लुकलुकत होता. आम्ही त्याला शोभेचा समजत होतो!

त्याचं असं आहे. डिस्कवर लिहायला वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर नोंद आधी आपल्या मेमरीत घेतो, "झालं" म्हणतो आणि मग सवडीने डिस्कवर उतरवतो. मध्येच वीज गेली, तर न उतरलेल्या नोंदी ही बॅटरी सांभाळते. नवी असताना साधारण ७२ तास. ती मेली, की कंट्रोलर प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्याखेरीज "झालं" म्हणतच नाही. म्हणजे आमचा सर्व्हर मंद नव्हता, प्रामाणिक होता!

"बॅटरीशिवायही जोरात चालवायची सोय असते म्हणे?" साहेबांनी विचारलं.

"असते. पण वीज गेली, तर पावती गिऱ्हाइकाच्या हातात आणि नोंद देवाघरी."

"यूपीएस आहे की!"

"त्याची बॅटरी कधी बदललीत?"

साहेब गप्प. आणि पुण्यात विजेच्या दुरुस्तीचा गुरुवार ठरलेला!

मी साधा बी. कॉम. दर ३१ मार्चला खुर्च्यांचासुद्धा घसारा काढणाऱ्या बँकेला बॅटरी तेवढी अमर वाटावी? साठवणं वेगळं आणि साठवलेलं टिकवणं वेगळं, हे १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाच या शहराला कळायला हवं होतं. लोकांचे पैसे आपण नोंदीच्या भरवशावर ठेवतो. मग बॅटरी बदलायची तारीख वहीत लिहायला शाई संपते का?

नवी बॅटरी बसली, चार्ज झाली, सर्व्हर पळू लागला. दुसऱ्या दिवशी साहेब घाबरेघुबरे होऊन आले.

"अहो, तो पिवळा दिवा बंद पडला की काय?"