व्हायरस नाही, तुमचाच होकार!

आईच्या फोनवर ‘व्हायरस सापडला’ असे मेसेज धडाधड यायला लागले. दुकानदार म्हणाला, फोन फॉरमॅट करावा लागेल. अहो, व्हायरस नव्हताच! कुठल्याशा साइटने ‘रोबोट नसाल तर अलाऊ दाबा’ म्हटलं, तिने दाबलं. आता साइट बंद केली तरी मेसेज सुरूच.

लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना कळत नाही. मी म्हणतो, ही सरळ फसवणूक आहे! वाचकाने काही क्लिक केल्याशिवाय परवानगीची चौकट उघडायचीच नाही, हे फायरफॉक्सने २०२० मध्ये केलं. मग बातम्यांच्या साइट्स बातमीआधीच अलाऊ का मागतात? सवय तिथेच लागते.

आज घरातल्या मोठ्यांचा फोन घ्या. क्रोम, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. अनोळखी नावं दिसली की ब्लॉक करा. फॉरमॅटचे पैसे वाचतील.