घरची वीज : रीळ पूर्ण सोडा



गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात नाट्यगीतं रंगात आली होती आणि मागे हॉलच्या स्वयंपाकघरात कुणीतरी म्हणालं, "काहीतरी जळतंय." सगळ्यांनी आधी मसालेभाताच्या पातेल्याकडे पाहिलं. पण वास येत होता टेबलाखालच्या वायरच्या रिळातून. २५ मीटर वायर, त्यातली जेमतेम तीन मीटर बाहेर काढलेली, बाकी तशीच गुंडाळलेली. तिच्यावर चहाचा ३ किलोवॅटचा बंब आणि दीड किलोवॅटची शेगडी. प्लग काढून पाहिलं, तर आतले वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटले होते. आग लागली नाही, हे आपलं नशीब. ते रीळ मीच लावलं होतं, म्हणून यंदाचं सदर त्याच्यावर.

पहिला प्रश्न सगळे विचारतात, "प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज होता ना? मग तो उडाला का नाही?" बंब आणि शेगडी मिळून साधारण २० अँपिअर घेत होते. १३ चा फ्यूज १४ ला लगेच उडतो, हा गैरसमज आहे. २० अँपिअरवरही तो बराच वेळ तग धरतो. तेवढ्या वेळात वायर तापते.

किती तापते? इथल्या बहुतेक रिळांत १.२५ चौरस मिलिमीटरची वायर असते. २५ मीटरचं जाणं-येणं धरून तिचा रोध साधारण ०.७८ ओहम भरतो. एकट्या बंबाचे १३ अँपिअर त्यातून गेले, तर वाटेतच १० व्होल्ट खर्च होतात आणि वायरीत सुमारे १३० वॅट उष्णता तयार होते. म्हणजे ६० वॅटचे दोन जुने बल्ब. प्रवाह दीडपट झाला की उष्णता दीडपट नाही, सव्वादोनपट होते. आमच्या २० अँपिअरला ती ३०० वॅटच्या पुढे गेली होती. मोकळ्या वायरीची उष्णता निदान हवेत जाते. गुंडाळलेल्या वायरीची मात्र गोधडीत घातल्यासारखी आतच कोंडते. म्हणून रिळावर दोन आकडे छापलेले असतात : पूर्ण सोडलेलं असताना १३ अँपिअर, गुंडाळलेलं असताना बहुधा ३ ते ५. तो दुसरा आकडा कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता.

आता लांबीबद्दल. इथे ब्रिटनमध्ये एक्स्टेंशनसाठी मानली जाणारी मर्यादा अशी :

१.२५ चौ. मिमी – १२ मीटर
१.५ चौ. मिमी – १५ मीटर
२.५ चौ. मिमी – २५ मीटर (ही वायर साध्या १३ अँपिअरच्या प्लगमध्ये नीट बसत नाही)

याहून लांब वायर वापरायची, तर ती ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवरच हवी. कारण असं : बंबाच्या धातूच्या अंगाला आतली तार टेकली, तर अर्थिंगमधून एकदम मोठा प्रवाह वाहून फ्यूज क्षणात उडायला हवा. वायर लांब आणि बारीक असेल, तर तिचा रोधच तो प्रवाह अडवतो. फ्यूज रेंगाळतो, आणि तेवढा वेळ बंबाला हात लावणाऱ्याच्या जिवाला धोका असतो. आरसीडी मोठ्या प्रवाहाची वाट पाहत नाही.

व्होल्टेज कमी पडल्याचा त्रास मोटरला जास्त. हीटर थोडा कमी तापतो, एवढंच. मोटर मात्र भार ओढण्यासाठी जास्त प्रवाह घेते आणि स्वतः तापते. ज्यांचं गावी शेत आहे त्यांना हे सांगायला नको. लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या विहिरीवरचा पंप का जळतो, ते त्यांनी पाहिलेलं असतं. बागेत ५० मीटर बारीक वायर टाकून प्रेशर वॉशर चालवणं, हा त्यातलाच प्रकार.

मग यंदा काय करायचं?

बंब, शेगडी, किटली, हीटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा. एका सॉकेटवर एकच. रीळ वापरलंच, तर शेवटच्या वेढ्यापर्यंत सोडा. एका एक्स्टेंशनला दुसरं जोडू नका. दोघांची लांबी एकत्रच मोजली जाते. वायर गालिच्याखालून नेऊ नका. आरसीडीचं 'टेस्ट' बटण कार्यक्रमाआधी दाबून पाहा. वायर हाताला गरम लागली, तर भार कमी करा. आकाशकंदील आणि एलईडी माळा थोडेच वॅट घेतात, त्यांच्यासाठी लांबीची फार चिंता नको. फक्त बाहेर लावायच्या माळा बाहेरच्या वापरासाठीच बनवलेल्या असू द्या.

आणि घरातल्या मुलांना एक काम द्या. गॅरेजमधलं रीळ काढून त्यावरचे बारीक आकडे त्यांना मोठ्याने वाचायला सांगा. त्यांचे डोळे आपल्यापेक्षा चांगले आहेत, आणि इंग्रजीही.

बंबाजवळ या वर्षीही मीच असेन. टेबलाखाली वाकून बघायला विसरू नका.

शुभ दीपावली!